सापडलेले आणि भरलेले

९ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. फोनवर विचारलं तर तुम्ही म्हणालात, "प्रश्न लिहून पाठव, लिहिताना निम्मा सुटतो." चार दिवस लिहितेय आणि खोडतेय. निम्मा राहू दे, पावही सुटला नाही; उलट कागदाच्या कडेला प्रश्नाला पिल्लं झाली आहेत. म्हणून आता सगळं तुमच्या पदरात टाकते.

माझी जागा तुम्ही पाहिली आहे. पुढे काउंटर, मागे काळा पडदा लावलेली कामाची खोली, आणि त्या खोलीत अकरा वर्षं चालत आलेला एकच संगणक. लोक भिजलेले, फाटलेले, वाळवीने खाल्लेले फोटो आणून देतात, मी ते स्कॅन करून दुरुस्त करते. ज्या सॉफ्टवेअरवर करते ते धंदा सुरू केला तेव्हा एकदाच विकत घेतलं होतं. त्याचा खोका अजून फळीवर आहे. आता संगणकाचा पंखा दमेकऱ्यासारखा वाजतो. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि सांगितलं, दोन महिने काढेल, तेही त्याच्या मनात असलं तर. नवा संगणक घेईन, पण जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही, आणि ती कंपनी आता काही विकतच नाही. तिचं नवं सॉफ्टवेअर फक्त वर्गणीवर मिळतं. दर महिन्याला पैसे भरायचे. थांबलात की कुलूप.

दुसऱ्या एका कंपनीचं आहे, ते एकदाच पैसे देऊन कायमचं आपलं. पंधरा दिवस फुकट वापरून पाहिलं. रंग छान धरतं, भरभर चालतं, हाताला बसलं. फक्त माझ्या जुन्या फायली त्यात उघडल्या की त्यांचे लेयर, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर, एकमेकांत मिसळून एकच सपाट चित्र येतं.

दुरुस्तीवाला म्हणतो वर्गणी घ्या. बाबा म्हणतात विकत घे. तुम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत, तुम्ही सांगा.

तुमची
ठिपकी


१६ जानेवारी

चि. ठिपकी,

आशीर्वाद. अक्षर सुधारले आहे. प्रश्नाची मांडणी अजून सुधारायची आहे.

प्रथम तुझ्या कामाविषयी. तुझ्या त्या पडद्यामागच्या खोलीत मी एकदा तासभर बसलो होतो. शाळेच्या एका सामूहिक फोटोवरची बुरशी तू एकेक ठिपका करून काढत होतीस. चाळीस मुलांचे चेहरे होते. तासात तीन पूर्ण झाले आणि चौथ्याकडे वळताना तू पाणीही प्यायली नाहीस. लहानपणी भिंतीवरचे ठिपके मोजत बसायचीस म्हणून आम्ही तुला हे नाव ठेवले. ते पुढे व्यवसायाचे नाव ठरेल असे वाटले नव्हते. मी विद्वान पुष्कळ पाहिले. तीन चेहऱ्यांवर तासभर टिकणारे त्यांत थोडे होते.

आता प्रश्न. ज्या साधनावर माणसाची उपजीविका आहे, ते वापरण्याचा हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असू नये. वर्गणीचे सॉफ्टवेअर त्या मर्जीवर अवलंबून आहे. कंपनी उद्या दर वाढवील, अटी बदलील, किंवा दुकानच बंद करील. म्हणून ते घेऊ नये. यावर आक्षेप असा येईल की विकत घेतलेलेही जुने होते, तुझे झालेच. मान्य. पण ते जुने होईपर्यंतच्या अकरा वर्षांत तुझ्या खोलीला बाहेरून कुणी कडी लावली नाही. जुने होणे वेगळे आणि कुलूप लागणे वेगळे. मीही जुना झालो आहे.

थरांचा तपशील मी बाजूला ठेवतो. चित्र डोळ्यांना तेच दिसत असेल, तर ते किती थरांचे बनले हा स्वयंपाकघरातला प्रश्न आहे, ताटातला नाही.

इतका सोपा निर्णय तुला चार दिवस अडवतो, त्याअर्थी कारण दुसरे असावे. वर्गणीवाल्यांची जाहिरात मी पाहिली. तीत एक तरुणी टिचकी मारते आणि फाटलेला चेहरा आपोआप पूर्ण होतो. तुला त्या टिचकीचा मोह पडला असेल तर तसे स्पष्ट लिही. मोहही कारण असू शकतो. फक्त त्याने युक्तिवादाचे कपडे घालून येऊ नये.

तुझा
काका


२३ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा रागावून झालं, आणि आता लिहायला बसले आहे.

ती टिचकी मी त्यांच्या फुकटच्या चाचणीत मारून पाहिली. एका बसड्रायव्हरच्या आईचा फोटो होता, तोंडाच्या जागी घडी पडून भोक. यंत्राने क्षणात बाईंना हसवलं, दात एकसारखे, पांढरेशुभ्र. ड्रायव्हर हळूच म्हणाला की आईला पुढचे दोन दात नव्हतेच. मी ते सगळं पुसलं. मोहाचं एवढंच.

आता तुम्ही बाजूला ठेवलेला तपशील. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेली काचेची तावदानं समजा. तळाला लोकांनी आणलेला फोटो, जसा आला तसा. त्याला मी कधीच हात लावत नाही. जे काही करायचं ते वरच्या काचांवर. माझ्या प्रत्येक फाईलमध्ये त्या काचांचे दोन गठ्ठे असतात आणि त्यांना नावं आहेत: 'सापडलेलं' आणि 'भरलेलं'. जे फोटोत खरंच होतं आणि बुरशी, धूळ काढल्यावर वर आलं, ते पहिल्यात. जे नव्हतंच आणि मी अंदाजाने काढलं, ते दुसऱ्यात. घरी नेणाऱ्याला एकच चित्र दिसतं. पण कोणतीही काच मी कधीही उचलून बाजूला ठेवू शकते.

याचा उपयोग काय ते सांगते. समोरच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या आईच्या फोटोवर बुरशीचे शेकडो ठिपके होते, मी ते झाकले. चार वर्षांनी बाई काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "आईचा तीळ कुठे ठेवलात?" जणू मी तो ड्रॉवरमध्ये टाकून विसरले असेन. काका, तो खरोखर ड्रॉवरमध्येच होता. बुरशी समजून मी तीळही झाकला होता. फाईल उघडली, एक काच उचलली, तीळ जागेवर. बाई म्हणाल्या, आता आई रागावल्यासारखी दिसते, अशीच होती.

फाईल सपाट झालेली असती तर तो तीळ कायमचा गेला असता, आणि चुकले कुठे हे मलाही कळलं नसतं. माझ्याकडे अशा एकोणीसशे फायली आहेत. त्यांच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत, पण काचा वेगळ्या ठेवून उघडणारं एकच: माझं जुनं सॉफ्टवेअर, नाहीतर त्याच कंपनीचं वर्गणीवालं. म्हणून चार दिवस लागले. हा प्रश्न ताटातला नाही हे खरं. पण मी स्वयंपाकघरातच उभी असते.

तुमची
ठिपकी


३० जानेवारी

चि. ठिपकी,

आशीर्वाद, आणि माघार.

माझे १६ तारखेचे पत्र फाडून टाक असे लिहिणार होतो. तसे करू नकोस. चुकलेला युक्तिवादही जसा आला तसा तळाशी राहू दे, हे मी तुझ्याकडूनच शिकलो.

अडतीस वर्षे मी वर्गात सांगत आलो की साक्षीदाराने पाहिलेले आणि त्यावरून त्याने ताडलेले, यांची सरमिसळ होऊ देऊ नका. विद्यार्थी ते वाक्य वहीत उतरवून घेत आणि परीक्षेनंतर वहीसकट विसरत. त्यांना दोष देत नाही. मी स्वतः तो नियम फळ्यावर पाळला, फळ्याबाहेर फारसा नाही. तो नियम कुणी रोज पाळत असेल, देखरेखीशिवाय, आणि ज्याच्यासाठी पाळायचा त्याला त्याचा पत्ताही नसताना, हे मला खरे वाटले नसते. तू अकरा वर्षे पाळलास. त्याबद्दल तुला कुणी शाबासकी देण्याची शक्यता नव्हती, कारण नीट झालेले काम दिसतच नाही. मला तुझा अभिमान वाटतो. असे लिहिण्याची मला सवय नाही, म्हणून एकदाच लिहितो.

निष्कर्ष अर्थातच बदलतो. साधनाच्या मालकीपेक्षा थर वेगळे राहणे महत्त्वाचे ठरले. ते फक्त वर्गणीने साधते. म्हणून वर्गणी घे, आणि कुलपाची भीती पत्कर. मला ते रुचत नाही, पण विधाने मान्य केल्यावर निष्कर्षाशी रुसून चालत नाही.

पद्धत नीट समजावी म्हणून एक विचारतो. तुझ्या काकूचा फोटो माझ्या टेबलासमोर आहे. आठ वर्षांपूर्वी तू तो दुरुस्त करून दिलास. तो नुसता पुसून स्वच्छ करावा लागला असणार, कारण त्यात मला उपरे असे काहीच दिसत नाही. तरी त्याच्या फाईलमध्ये 'भरलेले' किती निघेल? खांद्याचा एखादा कोपरा?

तुझा
काका


२१ फेब्रुवारी

चि. ठिपकी,

तीन आठवडे उत्तर नाही. तुझ्या बाबांना विचारले, तर "ती कामात आहे" एवढेच म्हणाला, आणि तेही घाईने. तो घाईने बोलतो तेव्हा काय असते हे मी त्याच्या पाचव्या वर्षापासून जाणतो. संगणक बंद पडला असेल तर तसे कळव. दुसरे काही असेल तर तेही कळव.

काका


२७ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. संगणक बंद पडला होता हे खरं आहे, पण दोनच दिवस. दुरुस्तीवाल्याने कुठला तरी भाग बदलून त्याला पुन्हा उठवलं. बाकीचे दिवस मी बंद पडले होते.

खांद्याचा कोपरा नाही, काका.

काकू गेली त्याच वर्षी तुमच्या भिंतीतली पाण्याची नळी फुटली, तेव्हा तुम्ही हॉस्पिटलात होतात. बाबांनी फ्रेम उतरवली, तेव्हा फोटो काचेला चिकटलेला होता. काच सोडवताना चित्रातली डावी बाजू, कपाळापासून गालाच्या हाडापर्यंत, काचेबरोबर निघून गेली. निगेटिव्ह नव्हती. काकूला फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही, त्यामुळे जवळून घेतलेला दुसरा फोटोही नव्हता. बाबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दादाला हे दाखवायचं नाही. तू कर काय ते."

मी उजवी भुवई उलटवून डावीकडे ठेवली. डोळाही तसाच. केस एका सामूहिक फोटोतून घेतले. कपाळ माझं. एकवीस दिवस लागले, आणि रोज सकाळी आधी काल केलेलं पुसत होते.

मग तुम्ही घरी आलात. सगळे जमले होते. तुम्ही फोटोसमोर उभं राहून चष्मा काढलात, पुसलात, घातलात, आणि म्हणालात, "हुबेहूब." बाबा माझ्याकडे बघत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुमच्या तोंडून कुणाचं कौतुक आलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि ते माझंच निघालं. मी गप्प बसले. आता तुम्ही अभिमान वाटतो असं लिहिलंत आणि त्याच पत्रात हा प्रश्न विचारलात. ते पत्र मी काउंटरखाली ठेवलं, तिथून ते दिसत होतं म्हणून पडद्यामागे ठेवलं.

संगणक बंद पडला तेव्हा एकोणीसशे फायलींतली पहिली आठवली ती ही. तो पुन्हा सुरू झाल्यावर पहिली उघडली तीही हीच. तुम्ही सांगाल तसं करते. म्हणालात तर ती एक फाईल मी आजच सपाट करून टाकते, जुन्या प्रती पुसून टाकते. मग काकूचं कोणतं आणि माझं कोणतं, हे मलाही सांगता येणार नाही, आणि भिंतीवरचा फोटो तुमच्यासाठी होता तसा राहील.

तुमची
ठिपकी


४ मार्च

चि. ठिपकी,

आशीर्वाद. फाईल सपाट करू नकोस. हे पत्र वाचण्यापूर्वी केली असलीस, तर मला सांगू नकोस.

दोषाची वाटणी करू. तू खोटे बोलली नाहीस. मी चुकीचा निष्कर्ष काढत होतो तो तू काढू दिलास. ते वागणे बरोबर नव्हते, पण तुझ्या वयाला आणि तुझ्या बाबांच्या नजरेला धरून होते. माझा दोष त्याहून मोठा. मूळ समोर नसताना नक्कल हुबेहूब आहे असे मी म्हणालो, म्हणजे जी तुलना केलीच नाही तिचा निकाल दिला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे केले असते तर मी त्याला उभे केले असते. तुझ्या बाबाला काही बोलणार नाही. त्याने माझी काळजी घेतली. ती नेहमीप्रमाणे गैरसोयीची होती.

तू एक गोष्ट नजरेआड करते आहेस. ज्या चित्राला माझ्याकडून शाबासकी मिळाली होती, त्यातही तू 'भरलेले' वेगळे ठेवलेस. मी ते कधी मागितले नसते. ते बाहेर येऊ नये असेच तुला वाटत होते. आणि तरी आठ वर्षे ती काच तू मिसळू दिली नाहीस. ३० जानेवारीच्या पत्रातले अभिमानाचे ते वाक्य मी मागे घेत नाही. तेव्हा ते अपुऱ्या माहितीवर लिहिले होते. आज पुरी माहिती हाती आहे, आणि ते अधिक पक्के झाले आहे.

दोन कामे. एक, ताबडतोब वर्गणी घे आणि ती कधी थांबू देऊ नकोस. दुसरे, तुझी काच उचलून, फक्त 'सापडलेले' असलेला फोटो छापून मला पाठव.

तुझा
काका


१० एप्रिल

ती. काका,

नमस्कार. महिना झाला, पण यावेळी मी लपले नव्हते. हे पत्र डाव्या हाताने टेकू देऊन लिहितेय, उजव्या मनगटाला पट्टी आहे.

तुमचं एक काम केलं, एक अर्धंच केलं. वर्गणी घेतली, पण एकाच महिन्याची. झालं असं की नव्या संगणकावर ते सॉफ्टवेअर घालून मी पहिली फाईल उघडली, काचा सगळ्या जागेवर, आणि मनात आलं की हे दार आत्ता उघडं आहे तर आतलं सामान बाहेर का काढू नये. मग प्रत्येक फाईल उघडली आणि तिची दोन साधी चित्रं करून ठेवली, कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशी. एकात नुसतं सापडलेलं, जिथे काही नव्हतं तिथे मोकळं. दुसऱ्यात नुसतं भरलेलं. एकावर एक ठेवली की फोटो पूर्ण. एकोणीसशे बेचाळीस फायली, सव्वीस दिवस. काउंटरवर 'नवीन काम घेत नाही' अशी पाटी लावली होती. शिवणाऱ्या बाईंनी ती वाचून मला डबा आणून द्यायला सुरुवात केली. त्यांना वाटलं मी आजारी आहे.

काम संपलं त्या दिवशी वर्गणी बंद केली. दुसऱ्या दिवशी ते एकदाच घ्यायचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. आता त्यात लेयर सपाट होवोत नाहीतर उभे राहोत, माझ्या काचा माझ्याकडे आहेत. कुणाच्या मर्जीवर काही नाही, हे तुमचं पहिलं म्हणणंही टिकलं.

आधी तुम्ही म्हणालात विकत, मग म्हणालात वर्गणी. दोन्ही वेळा मी मान डोलावली. अडतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने दोनच वाटा आहेत असं सांगितल्यावर तिसरी शोधायची माझी काय बिशाद. बाबांना हे सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना खोकला झाला.

तुम्ही मागितलेला फोटो सोबत आहे, वेगळ्या पाकिटात, चिकटवून. उघडायचं की नाही, आणि कधी, ते तुमच्यावर.

तुमची
ठिपकी


१८ एप्रिल

चि. ठिपकी,

मनगटाला आराम दे. बाबाला सांग, खोकल्यावर कोमट पाणी घे आणि माझ्यावर हसण्याचे प्रमाण बेताचे ठेव.

तुझा आक्षेप ग्राह्य आहे. दोन पर्याय समोर ठेवून तिसरा नाहीच असे धरून चालणे, या दोषाला आमच्या शास्त्रात नाव आहे आणि त्यावर मी दरवर्षी दोन तास घेत असे. त्या दोन तासांत जे मला कुणाला पटवता आले नाही, ते तू मनगट सुजवून सिद्ध केलेस. मी वाद हरलो आहे, आणि तो तुझ्याशी हरल्याचा मला आनंद आहे.

पाकीट मी तिसऱ्या दिवशी उघडले. सकाळी, टेबलावर, खिडकीच्या उजेडात. तू म्हणतेस तसे कपाळापासून गालाच्या हाडापर्यंत काही नाही. एक डोळा आहे, तो तिचा आहे, आणि त्याच्या शेजारी कोरा कागद. मी बराच वेळ कोऱ्या कागदाकडेच पाहत होतो.

तेव्हा तिची ती भुवई आठवली. तू उलटवून ठेवलेली अखंड आहे. तिची अखंड नव्हती. बाहेरच्या टोकाशी अर्ध्या बोटाएवढ्या जागेत केस नव्हते. तिथे जखमेची खूण होती. आमच्या संसाराच्या पहिल्या वर्षी स्वयंपाकघरातल्या कपाटाचे वरचे दार मी उघडे ठेवले आणि ती खालून सरळ उभी राहिली. तीन टाके पडले. ती माझ्यावर रागावली नाही. पुढे कधी रागावली की मात्र त्या भुवईवरून बोट फिरवायची आणि मी गप्प बसायचो. छत्तीस वर्षे मी ती खूण पाहिली आणि पुढच्या आठ वर्षांत ती विसरलो, असे मला कुणी सांगितले असते तर मी पुरावा मागितला असता. पुरावा माझ्याच भिंतीवर होता. रोज पाहून पाहून तुझी भुवई मला तिची वाटू लागली होती. तुझी काच तू उचललीस तेव्हा जागा रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या जागेत ती परत आली.

यात तुझा दोष नाही. जे कुठेच दिसत नव्हते ते तू काढणार कसे? ते ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता आणि त्याला कुणी विचारले नव्हते. भिंतीवरचा फोटो मी उतरवलेला नाही; एकवीस सकाळी पुसून पुन्हा केलेले काम उतरवण्याचा मला अधिकार नाही. त्याच्या शेजारी दुसरा खिळा ठोकून घेतला आहे.

एक विनंती. त्या फाईलमध्ये आणखी एक काच ठेव. माझ्या सांगण्याला दुसरा कसलाही आधार नाही, म्हणून ते 'सापडलेले'मध्ये घालू नकोस. तो अंदाजही नाही, म्हणून 'भरलेले'मध्येही नको. तिला 'सांगितलेले' असे नाव दे. त्या काचेवर भुवई काढू नकोस, तुझा हात कितीही शिवशिवला तरी. नुसते शब्द लिही: येथे भुवईत एक खूण होती. कपाटाचे दार उघडे राहिले होते. ज्याने उघडे ठेवले, तो सांगतो.

तुझा
काका